राहतं, पण टिकत नाही

अलिबागेहून रेवदंड्याकडे निघालेला रस्ता अक्षी मागे टाकून नागावच्या हद्दीत शिरला, की दोहों अंगांस माड-पोफळींच्या वाड्या लागतात. यंदा कोणत्या पोफळीस किती घोस लागले, कोणत्या विहिरीचे पाणी वैशाखात तळाशी गेले, पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या उत्पन्नाने सुपारीच्या उत्पन्नास मागे टाकले की नाही, याचा हिशेब या वाड्यांतील लहानथोरांच्या जिभेवर असतो; परंतु त्याच घरांतून एका गोष्टीचा हिशेब कोणीही उघड मांडीत नाही. सुनेला दिवस राहतात, दोन-तीन महिने जातात आणि सारे आटोपते. पुन्हा राहतात, पुन्हा तेच घडते. मग माजघरातील आवाज खाली उतरतात आणि 'राहतं, पण टिकत नाही' एवढ्या चार शब्दांत त्या बाईचे सगळे प्रकरण दाखल होऊन निकालातही निघते.

कारणांची मात्र वाण पडत नाही. तिने पपई खाल्ली, ग्रहणात विळीला हात लावला, विहिरीवरून भरलेली कळशी उचलली, मांडव्याच्या लाँचने मुंबईस गेली तेव्हा हादरे बसले, कोणाची दृष्ट लागली, पिशवीत 'उष्णता' आहे, अशी ही कारणमालिका एका घरातून दुसऱ्या घरात जाताना थोडीफार बदलते, पण तिच्यातील एक सूत्र कायम राहते: प्रत्येक कारणात कर्ती तीच असते. नवस बोलायचा तिने, चौलच्या शीतलादेवीची ओटी भरायची तिने, भोवाळ्याच्या दत्ताच्या पायऱ्या चढायच्या तिने, आणि दवाखान्यात दंड पुढे करून रक्त द्यायचे तेही तिनेच. वैद्यकशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत या दुःखाची जी चौकशी केली, तिचा निष्कर्ष या रिवाजास बिलकुल अनुकूल नाही. वारंवार होणाऱ्या गर्भहानीची कारणे बहुधा तिच्या वर्तनात नसतात, कित्येकदा ती पतीच्या पेशींत असतात, आणि पुष्कळ प्रसंगी तर निव्वळ दैवगतीखेरीज दुसरे काही सापडत नाही.

प्रथम या गोष्टीची व्याप्ती पाहू. २०२१ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने गर्भपातावर जी लेखमाला प्रसिद्ध केली, तिच्यातील हिशेबाप्रमाणे निश्चित झालेल्या शंभर गर्भधारणांपैकी सुमारे १५ आपोआप नष्ट होतात, आणि सर्व जगात मिळून ही संख्या दरवर्षी २ कोटी ३० लाखांच्या घरात जाते. हा आघात एकदा सोसलेल्या स्त्रिया शंभरांत जवळजवळ ११, दोनदा सोसलेल्या शंभरांत २ आणि तीन किंवा अधिक वेळा सोसलेल्या हजारांत ७ आढळतात. येथे थोडे अंकगणित केल्यास एक बोधप्रद गोष्ट हाती लागते. शंभरांत १५ हे प्रमाण गृहीत धरले, तर कोणतेही विशेष कारण नसतानाही लागोपाठ तीनदा गर्भ नष्ट होण्याचा प्रसंग हजारांत तीन-चार स्त्रियांवर केवळ योगायोगाने येईल. प्रत्यक्षात तो सात जणींवर येतो. हिशेब ढोबळ आहे हे खरे; तथापि त्यावरून इतके कळते, की अशा स्त्रियांपैकी कित्येकींत शोधण्याजोगे कारण असले पाहिजे आणि कित्येकींत ते कधीच सापडणार नाही. या दोन वर्गांची गल्लत हीच गावातील बहुतेक सल्लामसलतीची आणि शहरातील पुष्कळशा औषधयोजनेची मूळ चूक होय.

किती वेळा असे घडले म्हणजे चौकशी आरंभावी, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. युरोपातील व अमेरिकेतील संघटना दोन गर्भहानींनंतर तपास योग्य समजतात. ब्रिटिश तज्ज्ञांचा कल पूर्वीपासून तीनचा आकडा धरण्याकडे आहे. आपल्याकडे स्त्रीचे वय तिशीच्या पुढे सरकले असेल, किंवा बाळाचे ठोके दिसल्यानंतर गर्भ गेला असेल, तर तिसऱ्या आघाताची वाट पाहत बसणे मला तरी निर्दयपणाचे वाटते. उलटपक्षी, एका गर्भपातानंतर तपासण्यांची जंत्री हाती देणे हेही तितकेच अनुचित होय.

हे दुःख आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हते. चरकसंहितेत स्त्रीरोगांच्या वीस प्रकारांत 'पुत्रघ्नी' नावाचा विकार स्वतंत्रपणे गणला आहे, ज्यात झालेला गर्भ पुनःपुन्हा नाश पावतो. काश्यपसंहितेत जातहारिणींचे एक मोठे भयप्रद प्रकरण आहे. आणि सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंतच्या हानीस गर्भस्राव व पाचव्या-सहाव्या महिन्यातील हानीस गर्भपात अशी निरनिराळी नावे दिली. जातहारिणींस आज कोणी मानणार नाही, पण महिन्यांवरून केलेली सुश्रुताची विभागणी अद्यापि उपयोगी आहे, कारण गर्भ कोणत्या महिन्यात गेला, हा कोणत्याही चांगल्या डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो. आठव्या आठवड्यात गेलेल्या गर्भाची कारणे आणि पाचव्या महिन्यात गेलेल्या गर्भाची कारणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

पहिल्या तीन महिन्यांतील हानीपैकी निम्म्याहून अधिक प्रसंगी दोष गर्भाच्या गुणसूत्रांत असतो. मनुष्याच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे निर्विवाद कळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे चिओ आणि लेव्हान या दोन शास्त्रज्ञांनी ही संख्या प्रसिद्ध करीपर्यंत पाठ्यपुस्तकांतून ४८ हाच आकडा छापला जात होता. गर्भात आईकडून २३ व बापाकडून २३ गुणसूत्रे यावयाची. पण बीज पक्व होताना त्यांची वाटणी चुकते आणि एखादे गुणसूत्र जास्त किंवा कमी येते. सोळाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आलेला गर्भ अशा हानींत वरचेवर आढळतो, आणि तो कधीही पूर्ण दिवसांचा होत नाही. यातील विस्मयाची गोष्ट अशी, की स्त्रीची सर्व बीजे ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि वाटणीचे काम अर्ध्यावर थांबवून वर्षानुवर्षे तशीच राहतात. चाळिसाव्या वर्षी सुटणारे बीज चाळीस वर्षांहून थोडे अधिकच जुने असते, आणि थांबलेले काम इतक्या कालावधीनंतर पुरे करताना चूक होण्याचा संभव वाढतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या एका विस्तृत पाहणीत विशीतील स्त्रियांत गर्भहानीचे प्रमाण शंभरांत १० च्या आसपास, पस्तिशी ओलांडलेल्यांत २५ आणि चाळिशी ओलांडलेल्यांत ५० च्या वर आढळले. पपईस व कळशीस या आकड्यांत कोठेही जागा नाही.

नागावच्या वाडीवाल्यास हे समजावयास कठीण पडू नये. पावसाळ्यात पोफळीखाली कोवळ्या सुपारीचा सडा पडला, तर तो झाडास दूषण देत नाही. कोळेरोगाची बुरशी लागली काय, बोर्डो मिश्रणाची फवारणी उशिरा झाली काय, हे पाहतो, आणि यांपैकी काहीच नसेल, तर थोडी गळ व्हायचीच असे म्हणून पुढच्या घोसाकडे वळतो. हाच विवेक माजघरात गेल्यावर नाहीसा का व्हावा, हे मात्र मला उमगलेले नाही.

वाटणीतील चूक बहुधा त्या त्या वेळेपुरती असते आणि पुढच्या खेपेस ती होईलच असे नाही. परंतु वारंवार गर्भहानी झालेल्या शंभरांत दोन ते पाच जोडप्यांत पती किंवा पत्नी यांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले असतात. एकंदर ऐवज पूर्ण असल्याने त्या व्यक्तीच्या प्रकृतीत काडीचेही व्यंग दिसत नाही. पण तिच्या बीजांत किंवा शुक्राणूंत कधी एखादा तुकडा अधिक, कधी उणा जातो आणि गर्भ टिकत नाही. हे साध्या रक्ततपासणीने कळते, मात्र ती तपासणी दोघांचीही व्हावी लागते, आणि दोष पतीत सापडण्याचा प्रसंग मुळीच दुर्मिळ नाही. असा दोष निघाला तरी निराश होण्याचे कारण नसते. अशा बहुसंख्य जोडप्यांस पुढे निरोगी मूल होते, आणि गर्भारपणात गर्भाची गुणसूत्रे तपासण्यास आपल्या कायद्याने मुभा ठेवली आहे. मनाई आहे ती लिंग सांगण्यास व विचारण्यास.

आता चौथ्या ते सहाव्या महिन्यातील हानीकडे वळू, आणि येथे आपल्या किनाऱ्यावरीलच एका पुरुषाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ साली गोव्यातील शिरोडा येथे जन्मले. खांडेकरांच्या वास्तव्यामुळे मराठी वाचकांस ठाऊक असलेले शिरोडे ते हे नव्हे. ते सिंधुदुर्गात आहे, हे फोंडा महालातले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून पुढे तेथे व जे. जे. रुग्णालयात ते स्त्रीरोगांचे प्राध्यापक झाले. काही स्त्रियांचा गर्भ दरवेळी चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळा न येता, जवळजवळ निमूटपणे बाहेर पडतो, आणि कितीही विश्रांती किंवा संप्रेरकांची औषधे दिली तरी त्यात खंड पडत नाही, हे त्यांनी अनेक वर्षे पाहिले. गर्भाशयाचे मुख, ज्याला आपल्या बाया 'पिशवीचं तोंड' म्हणतात, ते आतल्या बाजूस दुर्बल असल्याने वाढत्या गर्भाचा भार त्यास पेलत नाही, असे निदान करून त्यांनी एक शस्त्रक्रिया योजिली. त्याच स्त्रीच्या मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणाची एक अरुंद पट्टी काढायची आणि ती गर्भाशयमुखाभोवती आतून, शक्य तितक्या वरच्या पातळीवर फिरवून बांधायची. १९५५ साली मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईत जन्मलेली ही शस्त्रक्रिया अल्पावधीतच सातासमुद्रांपलीकडे गेली. 'शिरोडकर टाका' हे तिचे नाव आजही जगातील प्रत्येक प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथात मराठी आडनावासकट छापले जाते. सरकारने त्यांस १९६० साली पद्मभूषण व १९७१ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, पद्मविभूषण देऊन गौरविले. मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्ड यांनी १९५७ साली मुखाभोवती साधा धागा ओवून आवळण्याची सोपी रीत सांगितली, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच प्रचारात आहे.

या टाक्याची कीर्ती गावोगाव इतकी झाली, की पहिल्या दोन महिन्यांत गर्भ गेलेल्या बाईसही शेजारीण 'पिशवीला टाका घालून घे' असे सांगू लागते. हा सल्ला निरर्थक आहे. टाका मुखाच्या दुर्बलतेवरचा उपाय आहे, गुणसूत्रांच्या वाटणीवरचा नव्हे. जिला खरोखर त्याची आवश्यकता असते, तिला तो साधारणतः बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात घालतात आणि प्रसूतीच्या सुमारास, छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात, बहुधा काढतात. इतरांच्या बाबतीत सोनोग्राफीने मुखाची लांबी मोजीत राहून, ती २५ मिलिमीटरच्या खाली उतरली तर तो घालावा की नाही हे ठरवितात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या बारा देशांतील १२९२ स्त्रियांच्या चाचणीत असे आढळले, की डॉक्टरांना ज्यांच्याविषयी संशय होता अशा २५ स्त्रियांस टाका घातला, तर एकीची फार लवकर होणारी प्रसूती टळते. पण ज्यांना पूर्वी तीन वा अधिक वेळा असा अनुभव आला होता, त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. म्हणजे शिरोडकरांचे निदान खरे होते. मात्र ते ज्या स्त्रियांसाठी होते, त्या नेमक्या ओळखणे अवश्य आहे. टाका घातल्यावर बाईस महिनोन्‌महिने पलंगावर खिळवून ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. तिचा लाभ सिद्ध झालेला नाही. पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा धोका मात्र तिने वाढतो.

ज्या कारणावर आज सर्वांत निश्चित इलाज आहे, ते कारण रक्तात असते. काही स्त्रियांच्या शरीरात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे तयार होतात. त्यांच्यामुळे वारेची रुजवण बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि गर्भ एकामागून एक जातात, किंवा दहा आठवड्यांनंतर, बाळ व्यवस्थित वाढत असताना, अकस्मात ठोके थांबतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ च्या सुमारास या विकाराचे समग्र चित्र मांडले. त्याच्या तीन तपासण्या आहेत, आणि एकदा दोष निघाल्यावर कमीत कमी १२ आठवड्यांनी त्या पुन्हा कराव्या लागतात, कारण साध्या तापानेही ही प्रतिपिंडे काही काळ वर येतात. एकाच चाचणीवर कोणी आयुष्यभराचा शिक्का मारीत असेल, तर दुसऱ्या चाचणीचा आग्रह धरावा. निदान पक्के झाल्यास अल्प मात्रेतील ॲस्पिरिन आणि पोटाच्या कातडीखाली रोज टोचून घ्यावयाचे हेपॅरिन असे दुहेरी औषध देतात. १९९७ साली लंडनमध्ये झालेल्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनने १०० पैकी ४२ स्त्रियांस जिवंत मूल झाले, दोन्ही औषधांनी ७१ स्त्रियांस. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही केंद्र सरकारच्या आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे. रक्त गोठण्याचे दोष व वारंवार गर्भहानी यांच्या संबंधावर तेथील शास्त्रज्ञांनी भारतीय स्त्रियांत बरेच संशोधन केले आहे.

बाकीची कारणे थोडक्यात आटोपतो. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणे आणि मधुमेह ताब्यात नसणे ही दोन्ही साध्या तपासणीत कळतात व औषधाने सुधारतात. गर्भाशयाच्या पोकळीत जन्मजात पडदा असणे, किंवा आतल्या बाजूस उगवलेली गाठ, ही चांगल्या सोनोग्राफीत दिसते. पडदा कापून टाकण्याची शस्त्रक्रिया सरसकट केली जाते खरी, पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत तिने जिवंत मुलांचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, म्हणून घाई करू नये. पोकळीच्या भिंती एकमेकींस चिकटणे हे आपल्या देशात विशेष लक्षात ठेवण्याजोगे कारण आहे, कारण जननेंद्रियांचा क्षय येथे दुर्मिळ नाही, आणि वारंवार केलेल्या क्युरेटिंगनेही अशी चिकटण होते. रक्तगट निगेटिव्ह असणे हे लवकर होणाऱ्या वारंवार गर्भहानीचे कारण नव्हे; तथापि अशा स्त्रीस गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागते का, हे डॉक्टरांस आवर्जून विचारावे.

एक कारण असे आहे, की ज्याविषयी कोकणात कोणी बोलत नाही, कारण ते जवळजवळ प्रत्येक परसात आहे. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची मिसरी सकाळी दातांस लावण्याची सवय जुन्या पिढीतील स्त्रियांत सर्रास होती आणि वाड्यांतून मजुरीस येणाऱ्या बायांत ती आजही आहे. मुंबईत गर्भवती स्त्रियांवर झालेल्या पाहण्यांत मिसरी व चघळण्याची तंबाखू यांमुळे बाळाचे वजन घटते, प्रसूती अकाली होते आणि मृत मूल जन्मण्याचा धोका वाढतो, असे आढळले आहे. सुनेच्या पपईवर डोळा ठेवणाऱ्या घरात मिसरीची डबी उंबऱ्यावर राजरोस असते, हा विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही. पतीची विडी-सिगारेट व मद्य यांचाही जाब याच वेळी विचारला पाहिजे. शुक्राणूंच्या आतील द्रव्याची मोडतोड आणि गर्भहानी यांचा संबंध अलीकडे अधिकाधिक स्पष्ट होत आहे.

या क्षेत्रात दुःखी माणसाच्या उतावळेपणावर पोसलेला तपासण्यांचा एक बाजारही आहे, आणि त्याविषयी स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो. 'टॉर्च' नावाची जंतुसंसर्गाची जी तपासणी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गर्भपातानंतर लिहून दिली जाते, ती वारंवार गर्भहानीचे कारण शोधण्यास निरुपयोगी आहे. जुन्या संसर्गाच्या खुणा बहुसंख्य निरोगी स्त्रियांतही असतात. एमटीएचएफआर या जनुकाच्या फरकांची तपासणी तशीच. रक्त गोठण्याची अनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या स्त्रियांस हेपॅरिन टोचण्याचा उपाय २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निष्प्रभ ठरला: औषध घेणाऱ्यांत शंभरी ७२ आणि न घेणाऱ्यांत शंभरी ७१ जणींस जिवंत मूल झाले. पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पत्नीस टोचण्याच्या महागड्या उपचाराचा निकाल तर १९९९ सालीच लागला होता. त्याने लाभ झाला नाही, उलट हानीच दिसली, आणि २००२ साली अमेरिकेच्या औषधप्रशासनाने संमत प्रयोगांबाहेर त्यास मनाई केली. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. २०१५ च्या चाचणीत, वारंवार गर्भहानी झालेल्या ८३६ स्त्रियांस ते सुरुवातीपासून दिल्याने फरक पडला नाही. परंतु २०१९ च्या चाचणीत, ज्यांचे पूर्वी तीन किंवा अधिक गर्भ गेले होते आणि चालू गर्भारपणात रक्त दिसू लागले होते, अशा स्त्रियांत जिवंत मुलांचे प्रमाण ५७ वरून ७२ टक्क्यांवर गेले. म्हणून हे औषध सर्वांस द्यावे असेही नाही आणि कोणासच देऊ नये असेही नाही.

इतके सगळे करूनही निम्म्या जोडप्यांत काहीच निघत नाही. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' हे शब्द ऐकून पुष्कळ बाया दवाखान्याबाहेर येऊन रडतात, कारण कारणच नाही म्हणजे उपाय नाही असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ज्यांचे कारण सापडत नाही, त्यांचेच पुढचे भवितव्य अधिक चांगले असते: वर सांगितलेल्या ८३६ स्त्रियांपैकी ज्यांना नुसते खोटे औषध दिले होते, त्यांच्यातही शंभरी ६३ जणींच्या मांडीवर मूल आले. ऑस्लो येथील एका वैद्य दांपत्याने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अनुभवात, अशा स्त्रियांस दर आठवड्यास बोलावून, तपासून, धीर देऊन जपले तेव्हा शंभरी ८६ जणींचे गर्भ टिकले, आणि ज्यांना ही देखरेख मिळाली नाही त्यांच्यात ३३ जणींचे. ती काटेकोर चाचणी नव्हती, आणि तिच्या आकड्यांवर मी फार भिस्त ठेवणार नाही. परंतु वरचेवर केलेली सोनोग्राफी आणि आश्वासक शब्द यांनी कोणाचे नुकसान झाल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

आता नागावसारख्या गावात राहणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. गर्भ गेल्याचे निदान झाले आणि ही दुसरी-तिसरी वेळ असेल, तर क्युरेटिंगपूर्वीच डॉक्टरांस विचारावे, की बाहेर पडणारा अंश गुणसूत्रांच्या तपासणीस पाठविता येईल काय. तसे असल्यास तो निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये बुडविला की ही तपासणी नीट होत नाही, आणि मग पुढची कित्येक वर्षे जे अनुमान करीत बसायचे, ते एका बाटलीच्या चुकीपायी करावे लागते. प्रत्येक गर्भारपणाची तारीख, किती आठवडे झाले होते, ठोके दिसले होते की नाही, कळा आधी आल्या की पाणी आधी गेले, हे एका वहीत नोंदवून सोनोग्राफीचे सर्व कागद तिच्याबरोबर ठेवावे. शहरातील तज्ज्ञास या वहीचा उपयोग दहा नव्या तपासण्यांहून अधिक होतो. पुन्हा दिवस राहण्यापूर्वी फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. लाँचने किंवा एस. टी.ने प्रवास केल्याने गर्भ जात नाही, तेव्हा हादऱ्यांच्या भीतीने मुंबईची भेट पुढे ढकलू नये. मात्र दिवस राहिले असता एका बाजूस असह्य कळ, घेरी किंवा खांद्यात दुखणे, एका तासात पॅड पूर्ण भिजावा असा रक्तस्राव अथवा थंडी वाजून ताप, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता अलिबागच्या रुग्णालयात पोचावे. गर्भ नळीत राहिला असेल, तर तेथे तासांचा हिशेब असतो.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई इलाख्याने १९२९ साली गिरणीकामगार स्त्रियांसाठी देशातील पहिला प्रसूतिलाभ कायदा केला, आणि पुढे १९६१ साली केंद्राचा कायदा आला. आजच्या कायद्यान्वयेही, गर्भपाताचा दाखला सादर करणाऱ्या स्त्रीस त्या दिवसानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. कारखाने आणि दहा किंवा अधिक माणसे कामास असलेली दुकाने व आस्थापने यांस ही तरतूद लागू आहे. वाडीतील मजुरीस मात्र ती पोचत नाही, आणि तेथे ही रजा मालकाच्या मनावर आहे. ज्यांच्या वाड्या आहेत, त्यांनी ती आपण होऊन द्यावी.

ज्या घरी हा प्रसंग आला आहे, त्या घरच्या पुरुषांस एक विनंती आहे. तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीस बायकोबरोबर स्वतः जावे, वही आपल्या हाती घ्यावी, आणि रक्त देण्यासाठी दंड पुढे करावयाचा तो आपणही करावा.